एस्पो बेटाच्या पोटात

बोगद्याचं तोंड समुद्राकाठी आहे. स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावर, ओस्कर्सहाम्नच्या उत्तरेला सिम्पेवार्प नावाचं भूशिर आहे. तिथल्या अणुवीज केंद्राच्या शेजारून आमची बस आत शिरली आणि समुद्रतळाखालून एस्पो बेटाकडे उतरत गेली. बोगदा सुमारे ३.६ किलोमीटर लांब, पुढेपुढे वळसे घेत ४६० मीटर खोलीपर्यंत जाणारा. ही प्रयोगशाळा आहे, इथं किरणोत्सर्गी कचरा पुरलेला नाही. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन खडकात कायमचं ठेवायचं झालं तर काय काय होईल, हे खऱ्या मापाची सामग्री खऱ्या खडकात ठेवून बघण्यासाठी ती १९९० ते १९९५ या काळात खोदली गेली.

खाली उतरल्यावर आधी लक्षात येतं ते पाणी. खडकाच्या भेगांतून ते झिरपत असतं, कडेच्या चरांतून वाहतं, पंपांनी वर उपसावं लागतं. एका भेगेच्या काठावर क्षाराचा पांढरा थर साचला होता. बोट लावून पाहिलं, खारट. सुरक्षिततेचा सगळा हिशोब या पाण्यापासूनच सुरू होतो. पुरलेला कचरा आपला आपण वर येत नाही. आला तर पाण्याबरोबरच येणार.

म्हणून एकात एक असे अडसर. आत इंधन ठेवायचा बिडाचा गाभा, त्यावर ५ सेंटिमीटर जाड तांब्याचं कवच. हा कॅनिस्टर, म्हणजे इंधनाचा डबा, जवळपास ५ मीटर उंच आणि भरल्यावर सुमारे २५ टनांचा. त्याच्याभोवती बेंटोनाइट माती, आणि बाहेर कोट्यवधी वर्षांचा खडक. बेंटोनाइटचा एक खडा मी हातात घेऊन पाहिला. कोरडा असताना दगडासारखा टणक. पाणी टाकलं की फुगतो, बुळबुळीत होतो आणि सापडेल ती फट भरून काढतो. आपल्या काळ्या जमिनीत असतं त्याच जातीचं खनिज त्यात आहे. पाणी त्यातून वाहू शकत नाही.

आमच्याबरोबर एक भूशास्त्रज्ञ बाई होत्या. गळणारच नाही याची खात्री काय, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही ते गळतं असंच धरून चालतो. मला या उत्तरानं धीर आला. कवच फुटलं तर, माती वाहून गेली तर, दोन्ही एकदम झालं तर, अशा एकेका शक्यतेतून किती किरणोत्सर्गी द्रव्य किती वर्षांनी जमिनीवर पोचेल, हे काढायचं. तिथं राहणाऱ्या माणसाला वर्षाकाठी होणारा धोका दहा लाखांत एकाहून जास्त नको, असा स्वीडनचा नियम आहे. मात्रेत सांगायचं तर सुमारे ०.०१४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून मिळणाऱ्या किरणोत्साराच्या साधारण एक टक्का.

यातलं हिमयुगाचं प्रकरण तर थरारक आहे. १० लाख वर्षांचा विचार करायचा म्हटल्यावर या जमिनीवर पुन्हा बर्फाचे जाड थर चढणार, हे गृहीतच धरावं लागतं. बर्फ वितळताना क्षार नसलेलं पाणी खोल भेगांत शिरून माती धुऊन नेऊ शकतं, आणि मग भूजलातले, तांबं गंजवणारे सल्फाइड थेट कवचापर्यंत पोचतात. वरचं ओझं उतरल्यावर भूकंपही होऊ शकतात. त्यामुळे कॅनिस्टर ठेवायच्या ज्या खड्ड्यातून मोठी भेग जाते, तो खड्डा वापरायचाच नाही, असं आधीच ठरवलेलं आहे.

परतताना काल्मारच्या संग्रहालयात थांबले. १६७६ मध्ये ओलांड बेटाजवळ बुडालेल्या क्रोनान या युद्धनौकेचं सामान तिथं मांडलं आहे. तिची एक काशाची तोफ समुद्रतळाच्या चिखलात उभी रुतलेली सापडली. तिच्यात तांबं भरपूर, आणि तीनशे वर्षांत ती फारच थोडी गंजली होती. म्हणून संशोधकांनी तिचा अभ्यास केला. पण कासं म्हणजे शुद्ध तांबं नव्हे, आणि तीनशे वर्षांवरून लाखभर वर्षांचं भाकीत करता येत नाही. माझ्या लेखी ती तोफ चांगली साक्षीदार आहे, पुरावा मात्र नाही.

तांब्यावरच खरा वाद झाला. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही तांबं गंजतं, असं स्टॉकहोमच्या काही संशोधकांनी मांडलं. इतरांना ते पटलं नाही. तरी जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयानं सरकारला सांगितलं की कॅनिस्टरबद्दल आणखी माहिती मिळाल्याशिवाय परवानगी देऊ नये. स्वीडनमध्येच फोर्समार्कला कायमचा साठा बांधण्यासाठी २०११ मध्ये केलेला अर्ज त्यामुळे आणखी लांबला. मला ही दिरंगाई वाटत नाही. शंका उघडपणे ऐकून घेतल्या, त्यांना कागदोपत्री उत्तरं द्यावी लागली, म्हणून तर त्या हिशोबावर विश्वास ठेवावासा वाटतो. सरकारची मंजुरी जानेवारी २०२२ मध्ये मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये फोर्समार्कला काम सुरू झालं.

तिथला साठा तयार होईपर्यंत देशभरातलं वापरलेलं इंधन सिम्पेवार्पलाच, जमिनीखाली ३० मीटरवर खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांत राहणार आहे. १९८५ पासून तीच सोय चालू आहे. ते पाणी थंड ठेवावं लागतं, त्यासाठी वीज लागते, पंप लागतात, अहोरात्र राखण करणारी माणसं लागतात. खोल पुरण्याचा धोका मोजताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात या टाक्याही ठेवायला हव्यात.