सोबत कोण जाणार?

सोलापूर, 15 जानेवारी

काल सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा झाला आणि आज सकाळी अण्णांना घेऊन यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात गेलो. खिलार बैलांच्या दावणीपाशी उभा असताना नेदरलँड्समधली नोव्हेंबरची ती सकाळ पुन्हा डोळ्यांपुढे आली. दोन महिने ती मी कुणालाच सांगितलेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आइंडहोवनमध्ये मी सायकलने कामावर जातो. त्या दिवशी सिग्नलला थांबलो असताना शेजारी तीन मजली मालमोटार येऊन उभी राहिली. तिच्या बाजूच्या आडव्या फटींमधून वाफ येत होती; ती इंजिनाची असेल असे मला वाटले, पण मग ओल्या, गुलाबी नाकपुड्या दिसल्या आणि ती श्वासांची वाफ आहे हे उमगले. खालच्या मजल्यावरच्या एका डुकराचा डोळा माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर होता. पापण्यांचे केस पांढरे होते आणि कानात पिवळा बिल्ला होता. चीत्कार नव्हता, केवळ पत्र्यावर खुरे सरकल्याचा आवाज येत होता. ते माझ्याकडे पाहत होते की उजेडाकडे, हे मला सांगता येणार नाही. दिवा हिरवा झाला, गाडी निघून गेली, आणि मागच्या सायकलस्वाराने घंटी वाजवेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

मी राहतो तो नॉर्थ ब्राबांट प्रांत डुकरांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे, तरीही तीन वर्षांत तिथे मी एकही जिवंत डुक्कर पाहिले नव्हते. सोलापुरात मात्र लहानपणी ती गल्लीच्या तोंडाशी रोज दिसत. त्या रात्री मी युरोपीय संघाचा 2005 चा जनावरांच्या वाहतुकीचा नियम वाचून काढला. गाडीत पिण्याचे पाणी सतत मिळत असेल तर डुकरांना 24 तासांपर्यंत नेता येते, आणि शंभर किलोच्या आसपासच्या जनावरांसाठी दर चौरस मीटरला 235 किलोची मर्यादा आहे, म्हणजे तेवढ्या जागेत दोनाहून थोडी अधिक जनावरे. त्या गाडीने कदाचित एकही नियम मोडला नसेल. मला बोचले ते हे की, इतक्या काटेकोर व्यवस्थेत त्या जनावराला ओळखणारे माणूस सोबत असण्याची गरजच उरलेली नव्हती.

तिकडच्या लोकांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. तुळजापूर रस्त्यावर टेम्पोत कोंबलेली शेरडे आणि मोटारसायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या मी शाळेत जाता-येता पाहिल्या, आणि पाहून पुढे गेलो. आपल्याकडेही 1978 चे नियम आहेत: एका मालमोटारीत सहापेक्षा जास्त गुरे नसावीत, पायाखाली न घसरणारे काही अंथरावे, जनावरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत आणि सोबत एक माणूस असावा.

आज बाजारातून निघताना एका पिकअपमध्ये नुकताच विकलेला बैल चढवत होते. अण्णांनी विचारले, “सोबत कोण जाणार?”

“डायवर हाय की, काका,” विकत घेणारा म्हणाला.

बैलाचा आधीचा मालक, सत्तरीचा म्हातारा, काहीच बोलला नाही. तो हौद्यात चढला, पायाखाली कडबा पसरला, बैलाचे तोंड केबिनकडे वळवून कासरा बांधला आणि खाली उतरून फाळक्यावर हात ठेवून उभा राहिला. अण्णा मला दोनदा घरी चल म्हणाले, पण गाडी हलेपर्यंत माझा पाय निघाला नाही.