महालातला वाडा पाहुण्यांना उघडण्याआधी

नागपूरच्या महाल भागातला वाडा न्याहारी-निवास म्हणून चालवायला घेतला की पाटीवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तीनशे वर्षांचा भोसलेकालीन वाडा’. जरा हिशेब करा. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवलं १७०२ मध्ये, रघूजी भोसल्यांची सत्ता इथे बसली १७४०च्या दशकात. म्हणजे भोसलेकालीन असेल तर तीनशे भरतच नाहीत. त्यातून बहुतेक वाडे एका काळाचे नसतातच.

वय पाटीपेक्षा दुरुस्तीसाठी नेमकं हवं. कोपऱ्यात हातभर गिलावा खरवडून पाहा. पातळ विटा, चुन्याची दर्ज, तळखड्यावर (दगडी बैठकीवर) सागवानी खांब आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांवर माती घातलेलं छत, दिसला तर तो जुना भाग. लोखंडी रूळ आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी असलेलं छत बहुधा १८६७ नंतरचं, कारण रेल्वे इथे तेव्हा आली. मंगळुरी कौल उलटून छाप वाचा. मंगळुरातला या कौलांचा पहिला कारखानाच १८६५ चा, त्यामुळे कौल त्याआधीचं असूच शकत नाही.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावू नका. जमिनीतून चढणारी ओल सिमेंटमागे अडकते, लोणा (भिंतीतला खार) फुटतो आणि गिलावा विटेची साल घेऊन गळतो. चुना किमान पंधरा दिवस भिजवावा. मग एक भाग चुना, एक भाग वाळू, एक भाग सुरखी (विटांची भुकटी). थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. ओलं गोणपाट टांगून आठवडाभर ओला ठेवायचा. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच काढा. नागपूरच्या मे महिन्यात गिलावा दुपारपर्यंत वाळतो आणि भेगाळतो, मग गवंड्याला दोष देऊन उपयोग नाही.

खरी गोम मात्र न्हाणीघरात आहे. प्रत्येक खोलीला जोडून न्हाणी हवी म्हणून लोक माडीवर, कडीपाटाच्या मातीवरच फरशी बसवतात. पाणी मातीत झिरपतं, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं आणि वाळवी तिथूनच शिरते. वरून काहीच दिसत नाही, छत वाकलं की कळतं. त्यापेक्षा मागच्या चौकात, जुन्या संडासांच्या जागी, भिंतीपासून सुटा सांगाडा उभारून खाली-वर न्हाण्या घ्या. पाइप उघडेच ठेवा. गळती दिसली पाहिजे.

कागदपत्रांत आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आधी पाहा. वारसदारांची सगळी नावं तिथे आहेत का, यावरच पुष्कळ वाडे अडतात. वाड्याचं नाव शहराच्या वारसा वास्तूंच्या (हेरिटेज) यादीत असेल तर वारसा समितीची परवानगी घेऊनच हात लावायचा. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत सहा खोल्या, बारा खाटा ही मर्यादा आहे आणि मालकाचं कुटुंब तिथेच राहायला हवं. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन सरकारकडे कळवायची.

कूलर खिडकीत टांगू नका, त्याचं पाणी चौकटीत मुरतं. खाली लोखंडी घोडीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ताट्या वाळ्याच्याच घ्या. दर उन्हाळ्यात बदलाव्या लागतात, तो खर्च भाड्यात आधीच धरा.