७५१ नव्हे, ७५२

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाची एक जुनी व्हीएचएस कॅसेट शेजारच्या काकांनी मध्यंतरी माझ्याकडे आणून दिली. तिच्यात त्यांचे दिवंगत वडील वीणा घेऊन उभे आहेत, आणि त्यांचे हलतेबोलते रूप म्हणून घरात एवढेच काय ते शिल्लक आहे. बेळगावात कॅसेटची फाईल करून घेतली, ती ७२० बाय ५७६ पिक्सेलची निघाली.

पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-पद्धतीतले पिक्सेल चौरस नसतात. त्यांची रुंदी उंचीच्या १६/१५ पट धरावी लागते. ते न करता फाईल जशीच्या तशी दाखवली की टाळकरी उगाच सडसडीत दिसतात. पूर्ण चौकटीची खरी रुंदी ७६८ येते. मी मात्र दोन्ही कडांच्या आठ-आठ पिक्सेलांच्या काळ्या पट्ट्या आधी कापल्या, त्यामुळे ७०४ उरले, आणि त्यांचे १६/१५ पट म्हणजे ७५०.९३. प्रोग्रॅमने ते ७५१ केले आणि रेंडर, म्हणजे नवी फाईल तयार करण्याचे काम, सुरू होताच थांबले. रुंदीला २ ने भाग जात नाही, असा संदेश आला.

कारण समजून घेण्यासारखे आहे. एच.२६४ ही व्हिडिओ आटोपशीर करून साठवण्याची पद्धत. तिच्या नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची होते, पण रंगाची नोंद दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांना मिळून एकच असते. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितकासा नाही, म्हणून ही काटकसर खपून जाते. भगव्या पताकेची कड अगदी जवळून पाहिली तरच रंग किंचित पसरलेला जाणवतो. आता ७५१ पिक्सेलांच्या जोड्या लावल्या तर शेवटचा पिक्सेल एकटा राहतो. म्हणून रुंदी आणि उंची दोन्ही सम हव्यात. कापण्याची सुरुवातही सम पिक्सेलावरूनच करावी, नाहीतर रंगाच्या जोड्या जुळत नाहीत.

१६ ने भाग गेलाच पाहिजे, असेही अनेकजण सांगतात. ती सक्ती नाही. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ चे तुकडे करते, आणि तुकडा अपुरा पडला तर एन्कोडर (फाईल तयार करणारा प्रोग्रॅम) भर घालून तो पूर्ण करतो. १०८० ओळींचे चित्र आत १०८८ ओळींचे साठवले जाते आणि जादा आठ ओळी दाखवताना वगळल्या जातात. तरीही निवड हातात असेल, तर मी १६ च्या पटीतलाच आकडा घेतो, कारण त्यात भर घालावी लागत नाही. ७५० आणि ७५२ हे दोन्ही आकडे मूळ गणितापासून जेमतेम एक पिक्सेल दूर आहेत, आणि ७५२ म्हणजे नेमके ४७ तुकडे. उंचीचे ५७६ म्हणजे ३६. एका पिक्सेलाने चेहरा रुंदावल्याचे कोणालाही कळणार नाही.

एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी उंची ठरवून रुंदीच्या जागी उणे एक लिहिण्याऐवजी उणे दोन लिहावे, म्हणजे प्रमाण राखून सम आकडा आपोआप मिळतो. जुन्या कॅसेटच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे: चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन फील्डांत विणलेले असते, तेव्हा आकार बदलण्याआधी डीइंटरलेस करून, म्हणजे ही वीण सोडवून, घ्यावे. उलट क्रमाने केले तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि वीणेच्या तारेवर फिरणाऱ्या बोटाभोवती फणीच्या दातांसारख्या रेघा कायमच्या राहतात. पहिल्या प्रयत्नात माझ्याकडून तेच झाले होते, म्हणून मूळ फाईलपासून पुन्हा सुरुवात केली. आता ७५२ बाय ५७६ च्या फाईलमध्ये ते बोट स्वच्छ दिसते.