हे नको लिहूस गं

रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारी आई मेथी निवडत बसली होती आणि मी तिच्यासमोर वही घेऊन. गेले चार रविवार असंच चाललंय. ती तिच्या लहानपणाचं सांगते, मी उतरवून घेते. दोनशे पानी वहीतली एकोणीस पानं भरलीत. आज तिच्या धाकट्या आत्याचा विषय निघाला. आई बोलता बोलता थांबली, काडी बोटांत तशीच राहिली. मग म्हणाली, "हे नको लिहूस गं." मी पेन खाली ठेवलं. तिनं पुढचं सगळं सांगितलं, अगदी शेवटापर्यंत. वहीत येणार नाही या बोलीवर.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. जी गोष्ट कळल्याशिवाय आईचा स्वभावच उलगडत नाही, नेमकी तीच वगळायची? मग उरलेल्या एकोणीस पानांना खरं म्हणायचं का?

संध्याकाळी कपाटातून 'जिणं आमुचं' हे आत्मकथन काढलं. बेबीताई कांबळे फलटणच्या. घरच्या किराणा दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहायच्या. लिहिलेलं घरात कुणाला दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं, सुमारे वीस वर्षं. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः यायला लागलं आणि १९८६ ला पुस्तक झालं. महारवाड्यातल्या सुनांचे हाल त्यांनी जे लिहिलेत, ते वाचताना मला दर वेळी मध्येच उठावं लागतं. कोवळ्या पोरी, कुणी आठ-दहा वर्षांची. छळाला कंटाळून माहेरी पळाली तर परत आणून पायात लाकडाचा खोडा. तो जड ओंडका ओढत तिनं घरातली कामं करायची. पायाला जखमा होतात, रक्त येतं, तरी कामं थांबत नाहीत. बेबीताईंनी यातलं काहीही सौम्य केलेलं नाही.

आणि हीच बाई स्वतःच्या संसाराबद्दल पुस्तकात जवळजवळ गप्प आहे. नवऱ्याचा संशय, त्याचा मार, हे त्या पुढे माया पंडित यांना मुलाखतीत बोलल्या. ती मुलाखत २००८ च्या इंग्रजी अनुवादात छापली आहे. ज्या नवऱ्यापासून वह्या लपवल्या, तो त्या वह्यांत नाही! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आज तसं वाटलं नाही. नावातच 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. आपल्याला कशाची साक्ष द्यायची आहे हे त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि त्यात स्वतःचं दुःख धरलं नव्हतं. खोड्यातल्या पोरीची वेदना ज्या हातानं लिहिली त्याला मार ठाऊक होता, हे मात्र आता पानापानाला जाणवतं.

उलट मल्लिका अमर शेख. १९८४ मध्ये, वयाची तिशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं. नवरा, कवी नामदेव ढसाळ, हयात, मोठं नाव, आणि संसाराची होळी उघड्यावर मांडलेली. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० चं, म्हणजे तेही पु. ल. हयात असतानाचं. आमच्याकडे कुणी बाजूनं, कुणी विरोधात तावातावानं बोलायचं ते मला आठवतंय. "घरातलं बाहेर कशाला?" हा प्रश्न बायकांनाच जास्त विचारला जातो, पण दया पवारांचीही त्यातून सुटका झाली नव्हती. १९७८ च्या 'बलुतं'वर त्यांच्याच समाजातले काही शिकलेले लोक रागावले होते. पवारांनी तर पुस्तकात दगडू मारुती पवार आणि दया पवार असे स्वतःचे दोन केले. एक सांगतो, दुसरा ऐकतो. एवढं अंतर राखल्याशिवाय काही गोष्टी बाहेर येतच नसाव्यात.

मला यातल्या कुणालाही कमी-जास्त ठरवायचं नाही. पण एक कळलं. या सगळ्यांनी स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेतला, बोलायचा किंवा न बोलायचा. मी लिहितेय ते आईचं आयुष्य आहे. तिनं नको म्हटल्यावर ते लिहिणं हे माझं धाडस ठरणार नाही, ती चोरी होईल.

झोपण्याआधी पुन्हा एकदा 'आयदान' चाळलं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार. वडील गेल्यावर आई बांबूची सुपं, टोपल्या विणून घर चालवायची. कोकणात बांबूच्या अशा वस्तूंना आयदान म्हणतात. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांत त्यांना एकच वीण दिसते. मुलगा गेल्याचं दुःख, नवऱ्याला न रुचलेलं आपलं लिहिणं, सगळं त्या सांगतात. पण वाचून झाल्यावर डोळ्यांसमोर राहते ती आई, दुःख आत दाबून विणत बसलेली. ती फारसं बोलत नाही. तिचे हात दिसत राहतात.

आत्ता दहाच्या सुमाराला आईनं हाक मारली. "वाच बघू, काय काय उतरवलंस." मी वाचायला लागले. आत्याच्या नावानंतर मी चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. तिथं मी थांबले तशी तिनं वही मागून घेतली, चष्मा पुसला, त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. "इथं काय?"

"काही नाही, आई."

"मग असू दे तेवढी जागा."

वही माझ्याकडे परत देता देता तिनं मागचं पान उलटलं. "आणि हे चुकलंय बघ. शाळा सुटली त्या दिवशी घरात भाकरी नव्हती. कण्या होत्या, ताकातल्या."

मी 'भाकरी' खोडून 'कण्या' लिहिलं.