तुम्ही विचारलंत म्हणून: दोन प्रवेश

जत्रेला गोव्यात, प्रियोळला घरी आले की हा प्रश्न ठरलेला. इंग्लंडात चारशे वर्षांपूर्वीची नाटकं शिकवणारी बाई निर्वासित मुलांच्या कॉलेज-प्रवेशाच्या खटपटीत कशी पडली? यंदा नाटकाच्या तालमीला काकांनीच विचारलं, “कित्याक गो तुका ही भानगड?”

काका, नाटकामुळेच. ‘सर थॉमस मोअर’ नावाच्या नाटकाचं हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात अनेकांची अक्षरं, पण कुणा लेखकाची सही नाही. त्यातली तीन पानं शेक्सपिअरच्या हातची, असं बहुतेक अभ्यासक मानतात, तेही अक्षराच्या वळणावरून आणि शब्दांच्या स्पेलिंगवरून. प्रसंग १५१७ च्या लंडनमधला. परदेशी कारागिरांना हाकला म्हणून जमाव खवळलाय. नाटकाचा नायक मोअर त्या जमावाला म्हणतो, पोरं पाठुंगळी मारून, गाठोडी घेऊन बंदराकडे निघालेली ती माणसं जरा डोळ्यांपुढे आणा. उद्या राजानं तुम्हालाच हद्दपार केलं तर कुठला देश थारा देईल? नाटकं तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं, एडमंड टिल्नीनं, दंगलीचा अख्खा प्रवेश गाळायला सांगितला. नाटक छापून आलं ते थेट १८४४ मध्ये.

दुसरा प्रवेश विद्यापीठातला. तोही असाच गाळला जातो, फक्त तिथं कारण कागदांचं देतात. सीरियाचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ मार्कशीटचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. मधोमध घडी, आणि शिक्क्याचा कोपरा फोटोबाहेर. एका प्रवेश कार्यालयानं त्याला चारदा एकच उत्तर पाठवलं: मूळ प्रत जोडा. मूळ प्रत ज्या कपाटात होती ते घरच उरलं नव्हतं. वास्तविक परदेशातल्या शिक्षणाला मान्यता देण्याबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन करारात स्पष्ट लिहिलंय की निर्वासिताकडे कागद नसले तरी त्याचं शिक्षण तपासायची सोय करावी. शिवाय आश्रयाचा अर्ज लटकलेला असेल तर इंग्लंडात बहुतेकदा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते, सरकारी कर्ज मिळत नाही. म्हणून मग शिष्यवृत्तीसाठी दारोदार.

मला राग आला तो एवढ्यासाठी, की बिनसहीच्या तीन पानांवर आम्ही आयुष्यं घालवतो आणि जिवंत माणूस समोर बसलेला असताना शिक्का शोधतो. शेवटी गणिताच्या एका सहकाऱ्यानं त्याला फळ्यासमोर उभं केलं. तासाभरानं तो हात झटकत म्हणाला, “याला तिसऱ्या वर्षाचं येतंय.”

आणि प्रियोळकरांनी तरी हे विचारू नये. आपला देव मंगेश पोर्तुगीजांच्या जाचापायी १५६० मध्ये कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून इथं आला, तेव्हा कुणी दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही.

काका हसले. मग प्रॉम्प्टरची वही मिटून म्हणाले, “त्या पोराचं काय झालं?”

“दुसऱ्या वर्षाला आहे.”

“आणि मार्कशीट?”

“ती अजून नाही.”