सुंठीचं मुसकं आणि क्वागी बीच: मे महिन्याच्या सहलीची तयारी

फेब्रुवारीचा पहिला रविवार

गेल्या वर्षी आम्ही केप ली ग्रँडला गेलो तेव्हा सुंठीला, म्हणजे आमच्या कुत्रीला, पाच दिवस कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. परत आणायला गेलो तर तिने आमच्याकडे बघितलंच नाही. गाडीत बसली, खिडकीबाहेर तोंड करून. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. त्याच रात्री ठरलं की पुढची सहल तिच्यासकट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुंठी ही लाल केल्पी (मेंढ्या राखणाऱ्या ऑस्ट्रेलियन कुत्र्यांची जात), पाच वर्षांची, 19 किलो. रंग अगदी सुंठीच्या गड्ड्यासारखा, म्हणून नाव. गाडी टोयोटाची जुनी प्राडो, फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल, दोन टाक्या मिळून 180 लिटर. मुक्काम पर्थ. जायचंय वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, एस्परन्सच्या बाजूला, समुद्रालगतच्या बुशमध्ये तंबू ठोकून. इथलं बुश म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं दाट जंगल नव्हे. वाळूत उगवलेलं खुरटं रान असतं: बँक्सिया, मॅली, कमरेएवढी काटेरी झुडपं आणि मध्ये मध्ये ग्रॅनाइटचे उघडे कातळ.

मी आजवर सगळ्या सहली गाडीपासून आखत आलो. रस्ता कसा, वाळू किती, पेट्रोलपंप कुठे. या वेळी नकाशा पसरला आणि पहिल्या तासातच कळलं की कुत्रं बरोबर असलं की गाडीचा प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातो.

कारण नॅशनल पार्कांत कुत्र्यांना बंदी. लाल पेन्सिल घेऊन ब्रेमर बेपासून पूर्वेकडे रंगवत गेलो. फिट्झजेराल्ड रिव्हर, जिथे वनस्पतींच्या 1,800हून अधिक जाती आहेत, तो लाल. स्टोक्स लाल. केप ली ग्रँड, म्हणजे लकी बेची ती पांढरीशुभ्र वाळू आणि वाळूवर पहुडलेले कांगारू, लाल. केप अरिड लाल. सगळ्या छायाचित्रांत असलेला किनारा आमच्यासाठी संपला.

मधल्या पट्ट्यांत उरल्या स्थानिक शायरच्या जागा. शायर म्हणजे इथली ग्रामीण नगरपरिषद म्हणा. रेव्हन्सथॉर्प शायरच्या मेसन बे आणि स्टार्व्हेशन बे, एस्परन्स शायरच्या मंगलिनप बीच, क्वागी बीच, अलेक्झांडर बे. कुत्रं दोरीने बांधलेलं असेल तर चालतं. हे नियम बदलतात, म्हणून कोणी ही नोंद वाचून निघणार असेल तर आधी शायरच्या कचेरीत फोन करून विचारा.

फेब्रुवारीचा शेवट: 1080

या नोंदीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, आणि पूर्वेकडच्या राज्यांतून इकडे येणाऱ्या मित्रांनी निदान एवढी तरी वाचावी.

इथल्या रानात कोल्हे आणि रानटी मांजरं मारायला 1080 नावाचं विष घातलेली आमिषं टाकतात. 1996 पासून सरकारची वेस्टर्न शील्ड मोहीम चालू आहे. सुकवलेल्या मांसाचे तुकडे किंवा छोटे सॉसेज, बऱ्याच ठिकाणी विमानातून टाकलेले. शेतकरीही आपापल्या हद्दीत टाकतात. रसायनाचं नाव सोडियम फ्लुओरोअ‍ॅसिटेट, आणि 1080 हा त्याचा जुना कॅटलॉग नंबर.

हेच विष इथल्या काही वनस्पतींत आपोआप तयार होतं. या कोपऱ्यातल्या गॅस्ट्रोलोबियम नावाच्या झुडपांच्या पानांत ते मुळातच असतं. हजारो पिढ्या ती पानं खाऊन, किंवा ती खाणाऱ्यांना खाऊन, इथल्या वॉयली, चुडिच वगैरे प्राण्यांना ते बरंचसं पचतं. बाहेरून आलेल्या कोल्ह्याला पचत नाही. म्हणूनच ही पद्धत इथे इतकी चालते, आणि इथले छोटे प्राणी टिकायला तिची मदत झालीय. मी तिच्या विरोधात नाही. पण सुंठीही बाहेरूनच आलेली. विषाच्या दृष्टीने ती आणि कोल्हा सारखेच, आणि कुत्र्यांवर तर ते भयंकर जलद चालतं. शरीरातल्या पेशींची ऊर्जा तयार करण्याची साखळीच ते तोडतं. अर्ध्या तासापासून काही तासांत कुत्रं सैरभैर होतं, ओकतं, वेड्यासारखं धावतं, मग झटके येतात. उतारा नाही. शिवाय विषाने मेलेल्या कोल्ह्याचं मढं चघळलं तरी तोच परिणाम.

आणि केल्पी काय करते? वाटेत जे दिसेल ते तोंडात घालते.

शायरच्या तळावर आमिषं टाकलेली नसतील, पण शेजारच्या रानात असू शकतात. कावळा तिथून उचलून इकडे टाकू शकतो. धोक्याच्या पाट्या लावतात. कुत्रं पाटी वाचत नाही. म्हणून दोनच उपाय: दोरी आणि मुसकं.

आईला फोनवर मुसकं म्हटल्यावर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "मुसकं? अरे, बैल आहे का ती?" गुहागरला मळणीच्या वेळी आजोबा बैलांना जाळीचं मुसकं बांधायचे, पायाखालचं धान्य खाऊ नये म्हणून. मी म्हटलं, "आई, कारण तेच आहे गं. खाऊ नये म्हणून." तेव्हा तिला पटलं. पण वर म्हणालीच, "आधी घरात सवय लाव. मुक्या जिवाला एकदम बांधू नकोस."

तेच करतोय. मुसकं टोपलीसारखं घेतलंय, कापडाचं घट्ट नव्हे. कापडी मुसक्यात तोंड मिटलेलं राहतं, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि धापा टाकूनच ते अंग थंड करतं. टोपलीत तोंड उघडतं, पाणी पिता येतं. पहिला आठवडा नुसतं जमिनीवर ठेवलं आणि आत उकडलेल्या चिकनचे तुकडे. तिने आपणहून नाक घालायचं, मी हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात आतल्या बाजूला पीनट बटर. डब्यावर झायलिटॉल नाही ना, हे बघूनच घ्या. साखरेऐवजी वापरतात तो हा गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे. तिसऱ्या आठवड्यात पट्टा लावला, दहा सेकंद, सोडला. मग तीस. आज चार मिनिटं.

मार्चचा दुसरा आठवडा: मंगलिनप की क्वागी

मनात मंगलिनप होतं. पण एस्परन्समधला पशुवैद्य तिथून शंभरावर किलोमीटर, क्वागीहून सत्तरेक. रात्री साप चावला किंवा काही गिळलं तर तो फरक मोठा. बायको एवढंच म्हणाली, "जवळचं घे." क्वागी ठरलं. जाताना मेसन बेला दोन रात्री, मग क्वागीला चार.

मे महिना निवडला त्यालाही कारणं आहेत. ड्युगाइट आणि टायगर स्नेक हे विषारी साप थंडीत सुस्तावतात. उन्हाळ्यातली शेकोटीबंदी तोवर बहुधा उठलेली असते (तरी गॅसची शेगडी बरोबर आहेच, त्या दिवशीचा इशारा बघूनच लाकूड पेटवायचं). दिवसा 20 अंशांच्या आसपास, म्हणजे गाडीत कुत्र्याचे हाल नाहीत. आणि हुडेड प्लोव्हरचा विणीचा हंगाम संपलेला असतो. हा छोटा काळ्या डोक्याचा पक्षी भरतीच्या रेषेवर वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. चाकाखाली अंडी गेली तरी चालवणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. हंगाम असो नसो, किनाऱ्यावर सुंठी दोरीतच राहणार.

मार्चचा शेवट: वाळूचा सराव

प्रेस्टन बीचला गेलो, पर्थच्या दक्षिणेला दीडेक तासावर. सुंठीला मुद्दाम घरी ठेवलं. गाडी रुतल्यावर दोरखंड ताणलेले असताना कुत्रं मध्ये नको.

टायरची हवा 36 वरून 18 पीएसआयवर आणली. पुष्कळांना वाटतं की हवा काढली की टायर रुंद होतो. रुंद थोडाच होतो, जमिनीवर टेकणारा भाग लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि वजन पसरतं. तासभर मजेत गेला. मग भरतीरेषेजवळच्या मऊ वाळूत ब्रेक मारला. वाळूवर ब्रेक मारायचा नसतो, गाडी आपोआप थांबू द्यायची असते, कारण ब्रेकने चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. तो झाला. पुढे जायला अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि गाडी अ‍ॅक्सलपर्यंत खाली.

खरी अडचण नंतर कळली. रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकांखाली सरकवायच्या फळ्या) सामानाच्या तळाशी होते. तंबू, फ्रिज, पाण्याचे कॅन, सगळं वाळूत उतरवून मग बोर्ड हाती लागले. हवा 15 वर आणली, चारही चाकांपुढची वाळू उपसली, बोर्ड सरकवले, लो रेंज (संथ पण जोरकस गिअर), दुसरा गिअर, हळू. निघाली. पण चाळीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात वारा फिरला होता. बोर्ड आता छतावर, फावडं मागच्या दाराला. टोबॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोरखंड अडकवून गाडी ओढायची नाही हेही सगळ्यांना पुन्हा सांगतो. तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा उडतो, माणसं मेलीयेत त्याने. गाडीच्या चासीला बसवलेला ठरलेला हुक आणि सॉफ्ट शॅकल (दोराची कडी), बस.

एप्रिल: पिंजरा आणि फ्रिज

सुंठीचा पिंजरा मागे डावीकडे, फ्रिज उजवीकडे, दोन्ही बोल्टने पक्के. दोन तासांची चक्कर मारली आणि सहज थर्मामीटर ठेवला होता म्हणून लक्षात आलं. केबिनमध्ये 24 अंश आणि पिंजऱ्यात 31. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची गरम हवा सरळ पिंजऱ्यावर येत होती. ती बिचारी एका कोपऱ्यात नाक दाबून बसलेली. फ्रिज फिरवून जाळी दाराकडे केली, मध्ये प्लायवूडची फळी उभी केली. पुन्हा चक्कर, 25. ज्यांच्या गाडीत फ्रिज आणि कुत्रं शेजारी आहेत त्यांनी हे एकदा मोजून बघाच.

खडीच्या रस्त्यावर मागच्या दारातून धूळ आत ओढली जाते तीही थेट तिच्यावर. खिडक्या बंद, पंखा बाहेरच्या हवेवर आणि मोठा ठेवला की आत किंचित दाब राहतो आणि धूळ निम्म्याहून कमी होते.

पाणी: तळावर पिण्याचं पाणी मिळणार नाही असं धरूनच चाललोय. माणशी दिवसाला पाच लिटर, सुंठीला दोन (19 किलोच्या कुत्र्याला साधारण एक लिटर पुरतं, मुसकं आणि उन्हासाठी दुप्पट धरलं). सहा दिवस, वर दोन दिवसांचा शिल्लक साठा. जवळपास शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. ते सगळं खाली आणि मधल्या सीटच्या मागे, छतावर एक थेंब नाही.

जेवण आमचं साधंच, मेतकूट-भात, पिठलं, खारवलेली सुरमई. पिठल्यात कांदा आहे, म्हणून त्यातलं सुंठीला काही नाही. मनुका, चॉकलेट, मॅकाडेमिया वेगळ्या बंद डब्यात. आणि किनाऱ्यावर वाहून आलेला फुगा मासा, इथले लोक ब्लोई म्हणतात तो, दिसला की दोरी आखूड. त्याच्या अंगातलं विषही कुत्र्याला मारू शकतं.

एप्रिल, तिसरा आठवडा: समुद्राबद्दल

मी गुहागरचा. समुद्र म्हटला की भरती-ओहोटीचं वेळापत्रक, ही सवय रक्तात. आपल्याकडे पाणी दोन-तीन मीटर चढतं, म्हणून ओहोटीला ऐटीत नेलेली गाडी भरतीत अडकते आणि मग गावचा ट्रॅक्टर शोधावा लागतो. दक्षिण किनाऱ्यावर भरती जेमतेम मीटरभर. पहिल्यांदा वाटलं, मग सोपंच आहे. तसं नाही. इथे धोका वेळापत्रकात लिहिलेला नसतो. दक्षिण महासागरातून, दूरच्या वादळातून आलेली लाट शांत दुपारी अचानक कातळावर चढते. किंग वेव्ह म्हणतात. रावस पकडायला यावं तशी इथे साल्मन पकडायला माणसं कातळावर उभी राहतात आणि ओढली जातात. कातळ जिथवर ओला, काळा दिसतो त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं, सुंठीसह. भरतीपेक्षा आम्ही लाटेची उंची आणि वाऱ्याची दिशा बघणार.

दुसरं, शेवाळ. वादळानंतर किनाऱ्यावर समुद्री गवताचे कंबरभर ढीग येतात आणि वाऱ्याने त्यावर वाळू बसते. वरून सपाट दिसतं, खाली कुजका लगदा. म्हणून नियम केलाय: जो किनारा आधी चालत बघितला नाही त्यावर गाडी न्यायची नाही. पहिल्या संध्याकाळी सुंठीला घेऊन चालायचं, वाटलं तर दुसऱ्या दिवशी गाडी. नाही वाटलं तर प्राडो चार दिवस झाडाखाली उभी राहील.

आज

रस्ता ठरला: ब्रुकटन हायवेने कॉरिगिन, कुलिन, लेक ग्रेस, न्यूडगेट, रेव्हन्सथॉर्प. क्वागीपर्यंत साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही, वाटेत एक मुक्काम. कॉरिगिनला थांबणार, कारण तिथे कुत्र्यांची दफनभूमी आहे. 1974 पासून लोक आपापल्या कुत्र्यांना तिथे पुरून वर दगड उभारतात. याच छोट्या गावाने 2002 साली 1,527 पिकअप गाड्या, प्रत्येकीत एकेक कुत्रं, अशी रांग लावून विक्रम केला होता. सुंठीला तिथे पाय मोकळे करायला उतरवायचंय.

बाकी आहे ते असं. बूट आणि चाकं धुवायला ब्रश आणि फवारणीची बाटली घ्यायची. डायबॅक नावाचा बुरशीसारख्या जीवाचा रोग मातीतून पसरतो आणि बँक्सियांची रानंच्या रानं वाळवतो, म्हणून एका जागचा चिखल दुसऱ्या जागी न्यायचा नाही. आणीबाणीत मदतीचा संकेत पाठवणारा बीकन नोंदवलाय. पशुवैद्याचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवलाय, फोनमध्येही आहे, पण रेंज नसताना फोन चाचपत बसायला नको.

आणि मुसकं. काल पस्तीस मिनिटं झाली. शेवटची दहा ती ते घालूनच लिंबाच्या झाडाखाली झोपली. एकच त्रुटी राहिलीय: टोपलीच्या खालच्या फटीतून जीभ घालून ती बिस्किटाचा तुकडा उचलते, हे मी परवा मुद्दाम टाकून तपासलं. आमिषाचा तुकडाही तसाच उचलेल. बायकोने मच्छरदाणीची जुनी जाळी काढून ठेवलीय, दुपदरी करून शनिवारी आतून शिवणार. रविवारी पुन्हा बिस्किट टाकून बघेन आणि इथे लिहीन.