कोल्हापुरात राहून वजन उतरवताना: जून ते ऑक्टोबर

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा काटा ८८ दाखवत होता. उंची १७२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) जवळजवळ तीस. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात, त्यामुळे ‘अजून तिशीच्या आत आहे की’ या समाधानात काही दम नव्हता. या आठवड्याची सरासरी ८१.६ आहे. मधल्या काळात काय चाललं आणि काय नाही ते लिहून ठेवतोय, कारण ओट्स आणि ब्रोकोलीचे तक्ते मेसवर जेवणाऱ्या पोरांच्या कामाचे नसतात.

आधी गणित, कारण माझा सगळा बेत त्यावरच उभा आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज साडेपाचशेची तूट पाहिजे. पळण्याचा हिशेब असा, की एका किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जळते. ८८ किलोचा गडी तीन किलोमीटर पळाला तर जेमतेम २६५. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध पाव लिटर घेतलं की तेवढ्याच कॅलरी परत आत. तिथंच ठरवलं, वजन ताटात कमी करायचं आणि पळायचं ते दम वाढवायला. पळून आलोय म्हणून दोन वडे जास्त, हा सौदा कधीच परवडत नाही.

मेसमध्ये काय शिजणार हे आपल्या हातात नाही, पण ताटात काय पडणार हे आहे. आमच्या मेसमध्ये दुपारी चपाती, एक सुकी भाजी, आमटी आणि भात, रात्री बऱ्याचदा भाकरी. आधी चार चपात्या आणि वर भाताचा डोंगर असायचा. आता दोन चपात्या, भात एक मूद, आणि उसळ असेल त्या दिवशी दोन वाट्या. सगळ्यात मोठा फरक पडला तो रश्श्याने. पातेल्यात वरचा लालभडक कट डावाने बाजूला सारून खालचं दाट वाढून घ्यायचं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि आमच्याकडच्या रश्श्यावर ते चमच्याच्या मापात नसतंच. पहिल्यांदा असं वाढून घेतलं तेव्हा काकू पातेल्याशीच उभ्या होत्या.

“का रं, कट नको झाला व्हय तुला? आजारी-बिजारी हाईस का?”

“नाही काकू, वजन कमी करायलोय.”

“पोराच्या जातीनं खावं. एवढ्यावर अभ्यास हुतोय व्हय!”

आणि एक चपाती ताटात पडली ती पडलीच. काकूंशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. मी ती चपाती शेजारच्या ताटात सरकवतो, तिथं कायम मागणी असते.

रात्री भूक लागायची ती प्रथिनं कमी पडत असल्यामुळे, असं माझं ठाम मत झालंय. मेसच्या पातळ आमटीत डाळ शोधावी लागते. म्हणून खोलीवर इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडतो (वॉर्डनना किटली चहासाठी आहे असं माहीत आहे). एका अंड्यात सहा ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, त्यावर कांदा, लिंबू आणि घरची चटणी मारली की पंचवीस ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात, तीही अंड्यांपेक्षा स्वस्तात. चव? चटणीची लागते. फुटाणे बॅगेत कायम असतात. शेंगदाण्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. प्रथिनं आहेत, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि गप्पा मारता मारता शंभर ग्रॅम कधी संपतात कळत नाही. उपवासाच्या दिवशी मेसमध्ये होणारी साबुदाण्याची खिचडी त्याच जातीची. स्टार्च, दाण्याचं कूट आणि तेल. ती उपवासाला चालते एवढंच, वजन उतरवण्याशी तिचा काही संबंध नाही.

रूममेट डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवतो, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही. त्याला जमतंय, वजनही उतरतंय. मला सकाळी पळून आल्यावर दुपारपर्यंत उपाशी लेक्चरला बसवत नाही, म्हणून मी तीनदा खातो. शेवटी एकूण किती पोटात गेलं त्यावर गाडी चालते. चहा दोनच वेळा, साखर अर्धा चमचा. टपरीवर “भावा, साखर कमी” म्हटलं की भावा हसतो आणि तेवढीच साखर घालतो, त्यामुळे टपरी जवळपास सुटलीच.

आपल्या कोल्हापुरात वजन कमी करणं ही अडचणीचीच गोष्ट आहे. खासबागेचं कुस्तीचं मैदान, तालमी, थंडाई, खुराक यांच्यात वाढलेल्या माणसांना अंग भरलेलं बघायला आवडतं. पाच किलो उतरल्यावर गावी गेलो तर आज्जीने दारातच तोंडावरून हात फिरवला, “वाळलास की रं, मेसवाली जेवाय घालत न्हाई काय?” आणि त्या दिवशी तांबडा-पांढरा झाला. मी जेवलो, पोटभर जेवलो. घरच्या मटणाला नाही म्हणून आयुष्यभर चालेल असा आहार मला तरी सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी काटा सव्वा किलो वर. नवीन लोक इथं हबकतात आणि सगळं सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका जेवणात सव्वा किलो चरबी चढायची तर जवळपास साडेनऊ हजार जादा कॅलरी खाव्या लागतील, ते आज्जीच्या हातूनही शक्य नाही. मिठामुळे शरीर पाणी धरतं. भात-भाकरीतून साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. शिवाय पोटातलं अन्न पोटातच असतं. चार दिवसांत काटा जागेवर आला. याच कारणामुळे पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तेव्हाही मी पेढे वाटले नाहीत, तेही बरंचसं पाणीच होतं. रोज सकाळी संडासहून आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन, आणि रविवारी सात आकड्यांची सरासरी. सरासरीशिवाय दुसरा आकडा मी मोजत नाही. काटा मात्र कायम एकाच फरशीवर. आमच्या खोलीत दाराजवळची फरशी डुगडुगते आणि तिथं प्रत्येक जण अर्धा किलो हलका भरतो. खोलीवर आलेला पाहुणा तिथंच वजन करून खूश होऊन जातो.

आता पळण्याचं. काउच टू फाइव्ह के घेतला, म्हणजे कधी न पळणाऱ्याला हळूहळू पाच किलोमीटरपर्यंत नेणारा. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये बनवलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम, आठवड्यातून तीनदा. सुरुवात साठ सेकंद पळणं आणि नव्वद सेकंद चालणं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण ८८ किलोला पहिल्या आठवड्यात तो साठावा सेकंद येता येत नव्हता. पोलीस भरतीची पोरं शेजारून सोळाशे मीटरचा टायमिंग लावत सुसाट जायची. त्यांच्या नादाला लागायचं नाही हा पहिला नियम. त्यांना मार्क पाहिजेत, मला वर्षभर शाबूत गुडघे. पळताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी. माझा वेग इतका कमी की एकदा पद्माराजे उद्यानाजवळ फिरायला आलेले एक काका माझ्याबरोबर चालत गप्पा मारत होते. ते चालत, मी पळत.

या कार्यक्रमाचा कस लागतो तो पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे आणि एकदम वीस मिनिटं सलग. मी पाचवा आठवडा दोनदा केला, कारण डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं होतं. बोट दाबलं की हाडाच्या कडेने लांबच्या लांब दुखायचं. पळणं थांबवलं, चालणं चालू ठेवलं, जिन्याच्या पायरीवर टाचा खाली-वर करायचा व्यायाम सुरू केला. दुखणं एकाच बिंदूवर आलं किंवा नुसतं चालतानाही राहिलं तर डॉक्टरकडे जायचं ठरवलं होतं, ती वेळ आली नाही. वीस मिनिटं सलग झाली तेव्हा जुलैचा पाऊस होता आणि चष्म्यातून शालिनी पॅलेस नुसता ढगासारखा दिसत होता. भिजलेल्या बुटांत पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले तर दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सुकतात, दोनदा बोळे बदलावे लागतात.

सप्टेंबरमध्ये पाच किलोमीटर सलग झाले, ४१ मिनिटांत. आता विद्यापीठाच्या आवारातला चढ आठवड्यातून एकदा घेतो. तिथं वेग बघायचाच नाही, श्वास बघायचा.

दिवाळीत घरी आहे. फराळ खाणार, चकलीचा डबा खोलीत ठेवणार नाही. नोव्हेंबरमध्ये वजन ८१ वर टिकलं तरी मला चालेल, उतरवणं पुन्हा डिसेंबरपासून. पळणं मात्र बंद नाही. अडचण एवढीच की ऊसतोड सुरू झाली की आमच्या गावच्या रस्त्यावर पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि साइडपट्टीवर कुत्री. डोक्याला लावायचा टॉर्च आणि चमकणारं जाकीट घ्यायचं म्हणतोय. दोन्ही मिळून पाचशेच्या आत, पळताना न हलणारं काही कोणी वापरत असाल तर सांगा.